बर्फावरची गेरूची रेघ

३ जून
वीस किलो तांदूळ-कांदे पाठीवर घेऊन डोंगरधारेवरच्या विश्रामघरी पोहोचले. श्वास उरला नव्हता, आनंद मात्र पुष्कळ होता. मालक कुरामोचीसान यांनी माझी पुस्तकांची पिशवी पाहून टोमणा मारला, की इथे पाने उलटायला वारा आहे, तुझी गरज नाही.

माझे काम असे: रोज पहाटे बर्फावर गेरू शिंपून वाट आखायची आणि सहा वाजता बिनतारीवरून खाली पायथ्याच्या चौकीला वाटेची हकिकत कळवायची. त्यांनी बजावून सांगितले, की धुक्यात वाटेच्या खांबांना बांधलेला दोर धरून खांबाखांबानेच जायचे. पावलांच्या खुणांवर गेरू टाकायचा नाही. डावीकडचे बर्फ कड्याबाहेर लोंबते, वरून ते जमिनीसारखेच दिसते.

५ जून
गुडघा सुजल्याने कुरामोचीसान डोंगर उतरून खाली गेले. तीस पांघरुणे आणि मी एकटी. दिवसाचे बोलणे सकाळी सहालाच संपते.

७ जून
दाट धुके. दोर गोठून लाकडासारखा झालेला. सुदैवाने कालची पावले दिसली. त्यांवरूनच रेघ ओढली.

रात्री मुक्कामाला असलेले नागुमोसान, सत्तरीचे निवृत्त पोस्टमन, आठला निघाले. मी त्यांना वाटेसाठी खारवलेले आलुबुखार घातलेला भाताचा गोळा दिला. रेघ पाहून ते हसले.
“पोरी, माझ्या अक्षरापेक्षा तुझी रेघ सरळ आहे. नकाशा राहू दे खिशात.”
दिवसभर ते वाक्य मनात घोळवले.

८ जून
धुके विरले. ती पावले बुटांची नव्हतीच. दुभंगलेले खूर, डोंगरी बोकडाचे. माझी रेघ डावीकडे वळून कड्याशी संपते. तिथे खोलीएवढा बर्फाचा घास तुटला आहे.

खालून विचारणा झाली, की नागुमो नावाचे गृहस्थ पुढच्या विश्रामघरी पोहोचले नाहीत, तुमच्याकडे आले होते का. मी म्हणाले, कोणीच आले नाही. त्यांची नोंदचिठ्ठी चुलीत घातली. चुकीची रेघ फावड्याने खरवडून काढली.

९ जून
ती रेघ पुन्हा उमटली आहे. आता ती कड्यापाशी सुरू होते आणि तीस पावले इकडे येते. गेरूच्या पोत्याची गाठ मी बांधली तशीच.

१० जून
धुके. रेघ मोठ्या खडकापर्यंत. शेजारी बुटांचे ठसे — टाचा कड्याकडे, चवडे माझ्याकडे. खालून पुन्हा विचारले. मी पुन्हा नाही म्हणाले. का म्हणाले —

११ जून
रेघ विश्रामघराच्या पायरीशी. आज सहाला सगळे सांगणार. वाक्ये लिहून ठेवली आहेत.

सहाला पाच कमी. दाराला आतून कडी. तरी रेघ आत — चुलीपर्यंत. राख उपसलेली.

सहा. सांगितले. ते आले होते, रेघ माझी, चूक माझी. पलीकडे बराच वेळ खरखर. मग आवाज — खालच्या माणसाचा नाही. म्हातारा, हसरा. म्हणतो, पोरी, रेघ अगदी सरळ आहे, नकाशा राहू दे, आता तू नुसती तिच्यावरून —