करवंटीतला संयम

१ नोव्हेंबर, शनिवार. सकाळी
आजपासून रोज लिहायचं. कुणाला दाखवायचं नाही. मोठं काम हाती घेतलं की डोक्यात गर्दी होते, म्हणून.

काल सूनबाईने, अरुंधतीने, जाहीर केलं की रेवाला दर रविवारी खारघरच्या एका क्लासला घालायचं. तिथे मुलांना हाताने काहीबाही करायला लावून संस्कार शिकवतात. ॲक्टिव्हिटी म्हणे! रेवा माझी नात, वय आठ. आठवडाभर ती शाळा, ट्यूशन आणि कराटेची. रविवार सकाळ तेवढी माझी. तीही गेली तर या करंजाड्यात मी करायचं काय? लिफ्टमध्ये वर-खाली?

मी म्हणालो, संस्कार मी शिकवतो, घरच्या घरी, तेही हाताने. सुशांत म्हणाला, "बाबा, तुम्ही?" मुलगा आहे, तो आणखी काय म्हणणार. अरुंधती म्हणाली, सोळा तारखेपर्यंत करून दाखवा, मग ठरवू. मी सातवीच शिकलो आहे, पण ती त्या वेळची सातवी.

२ नोव्हेंबर, रविवार
पहिला वर्ग, आमच्या हॉलमध्ये. रेवा, शेजारच्या फहमिदाभाभींचा नातू फुजैल आणि खालच्या मजल्यावरची तिघं. विषय: वाटून खाणे. एक मोठा डिंकाचा लाडू दिला. मुलांनी सगळ्यात मोठा तुकडा मलाच दिला. मला शुगर आहे, पण नाही म्हटलं असतं तर कोवळ्या मनांवर काय परिणाम झाला असता? खाल्ला.

फुजैलने दोन तुकडे उचलले. बाकीची ओरडली. मी समजावलं, चुकणाऱ्याला लगेच टोकू नये. स्वतःहून कबूल करायला त्याला वेळ द्यावा. त्याने खरंच कबूल केलं! मीच चकित झालो.

दुपारी अरुंधतीने माझी शुगर तपासली. ती काही बोलली नाही. मशीन बोललं.

५ नोव्हेंबर, बुधवार
पुढचा विषय संयम. तो माझ्या अंगातच आहे, त्यामुळे चिंता नाही. करवंट्या कुठे मिळतील ते विचारायला सुशांतला ऑफिसात फोन केला. मग पुन्हा केला. मग तो उचलेना. मीटिंग असेल.

९ नोव्हेंबर, रविवार
दुसरा वर्ग. रात्री भिजवलेले वाल प्रत्येकाने आपापल्या करवंटीत पेरले. नियम एकच: रोज थोडं पाणी, आणि आठवडाभर माती उकरून बघायची नाही. विश्वास ठेवायचा. करवंट्या माझ्या गॅलरीत, म्हणजे मुलांना मोह नको. पुढच्या रविवारी आईबापांसमोर प्रदर्शन. फुजैलने विचारलं, "आजोबा, तुम्हीपण नाही बघायचं ना?" मी हसलो.

१० नोव्हेंबर, सोमवार
काही उगवलं नाही. एका दिवसात उगवत नाही हे मला ठाऊक आहे. तरी.

११ नोव्हेंबर, मंगळवार. पहाटे
उकरलं नाही. बोटाने माती जरा बाजूला केली, एवढंच. उकरणं वेगळं, तपासणं वेगळं. शिकवणाऱ्याने तपासलंच पाहिजे. फुजैलच्या वालाचा मोड नीट दिसेना म्हणून बाहेर काढून चष्म्याने पाहिला. परत ठेवला. बहुतेक उलटा.

१२ नोव्हेंबर, बुधवार
ऊन कमी वाटलं म्हणून करवंट्या कठड्यावर ठेवल्या. मग ऊन जास्त वाटलं. आत आणल्या. सुकल्या असतील म्हणून भरपूर पाणी घातलं. सगळे वाल पुन्हा तपासले. मागे वळलो तर रेवा दारात. काय करताय म्हणाली. म्हटलं, हवा बघतोय.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
मोड तुटले. वास येतो. बियाणं हलकं निघालं, दुसरं काय!

१५ नोव्हेंबर, शनिवार. दुपारी
उपाय सापडला. मंडईत गव्हाण गावची भामा बसते, तिच्याकडे मोड आलेले वाल असतात. ती म्हणाली, "बाबा, सोललेलंच न्या. सुनंचा तरास वाचंल." म्हटलं दे. साल काय कामाची? मोडाशी मतलब. घरी येऊन पाचही करवंट्यांत खोचले. ही फसवणूक नाही. मुलांचं मन मोडू नये म्हणून केलेली तजवीज आहे. आता निर्धास्त. झोप मात्र लागेना.

१६ नोव्हेंबर, रविवार
सगळे जमले. मातीवर एक हिरवं टोक नाही. मी संयमावर चार शब्द बोललो, मग आणखी चार. शेवटी फहमिदाभाभींनी करवंटी पालथी केली आणि तोंडावर ओढणी धरली. "या अल्ला! भाऊसाहेब, वाल कपडे काढून पेरलेत? आता फोडणीच राहिली!" मी म्हणालो, ही नवी जात आहे. सुशांत भिंतीकडे तोंड करून हलत होता. अरुंधती हसली नाही, तेच जास्त लागलं. गेला माझा रविवार, असं वाटलं.

अरुंधतीने रेवाला विचारलं, तुला माहीत होतं? रेवा म्हणाली, "मंगळवारपासून. आजोबा रोज उकरत होते." मग सांगितलं का नाहीस? तर म्हणे, आजोबांनीच शिकवलंय, चुकणाऱ्याला वेळ द्यायचा. सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. फुजैल म्हणाला, "आमाला लय कठीण गेलं, पण कुणीच नाय बोललो."

सगळे माझ्याकडे बघत राहिले. मी म्हणालो, तपासत होतो. मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. रेवा म्हणाली, असू दे, अजून वेळ देऊ.

१७ नोव्हेंबर, सोमवार
जिंकलो! खारघर रद्द. अरुंधतीचं म्हणणं, मुलं इथे संयम शिकली हे खरं, कसा ते विचारू नका. वर्ग दर रविवारी, आमच्याच हॉलमध्ये.

किरकोळ बदल आहेत. मुलांनी काल जिन्यात बैठक घेतली. शिकवणार रेवा. फुजैल मॉनिटर. मी छोट्या गटात, खालच्या मजल्यावरच्या साडेतीन वर्षांच्या मुलीशेजारी. मी लगेच मान्य केलं. मुलांना पुढे आणणं हाच माझा पहिल्यापासूनचा उद्देश होता.

रेवाने सूचना दिल्या आहेत. हातरुमाल आणायचा, आणि मध्येच उठून काही तपासायला जायचं नाही. मी विचारलं, बाथरूमला? ती म्हणाली, हात वर करून विचारायचं.