श्वासाच्या पिशव्या

माय, गेल्या महिन्यात नांदेडच्या दवाखान्यात मला सहा तास एका खुर्चीत बसवून ठेवलं होतं. उपाशीपोटी गेले. आधी एका पिशवीत फुंकायला लावलं, मग लोणी लावलेला पाव दिला. लोण्यात कसलीशी औषधी भुकटी कालवलेली. तपासणीवाली बाई म्हणाली, "हे पचलं तर त्याची खूण श्वासात उतरते. स्वादुपिंड कितपत काम करतंय ते कळतं. सुई नाही, नळी नाही. फक्त उठून चालायचं नाही." दर अर्ध्या तासाला नवी पिशवी. मला बसवेना. सारखी पाय हलवत होते, तिनं दोनदा टोकलं.

बसल्या बसल्या तूच दिसत होतीस. जवळा बाजारच्या शाळेत खिचडी शिजवून, लेकरांना पोटभर वाढून तू घरी येतेस, दोन घास खाऊन ताट सरकवतेस आणि चुलीपाशी गुडघे पोटाशी घेऊन पडतेस. मी तेव्हा बारावीला. "खात काहून न्हाईस? सगळ्यांनी मागं लागावं म्हणून?" असं मी तुला म्हणाले होते. दुसऱ्या दिवशी मी जेवायला बसले तेव्हा जवळ येऊन हळूच म्हणालीस, "बाई, परसाकडं गेलं की तेलावानी पडतंय. पाण्यावर तरंगतंय. दाखवावं का कुणाला?" मी तोंड फिरवलं. "जेवायच्या वक्ताला असलं काय सांगतीस?" पुन्हा तू तो विषय काढला नाहीस. सगळे पित्त पित्त म्हणत राहिले. तुझ्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या, आणि त्या उन्हाळ्यात तू गेलीस.

आता माझ्याही पोटातली कळ पाठीत जाते. रिपोर्ट आला तेव्हा डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "तेलकट होतं का? तरंगतं का?" मी मान हलवली. ते म्हणाले, "स्वादुपिंडाचा रस कमी पडतोय, चरबी पचत नाही. जेवताना या कॅप्सूल घ्या, वजन भरेल." मग विचारलं, "घरात आधी कुणाला होतं असं?"

"आईला पित्त होतं," मी म्हणाले.

परतीच्या बसमध्ये वसमत येईपर्यंत खरं उत्तर मनात घोळत होतं. आता कॅप्सूल घेते, जेवण अंगी लागतंय, पण ताटावर स्वस्थ बसवत नाही. उद्या पुन्हा त्यांच्याकडे जायचं आहे. हे पत्र तर कुठं टाकायचं नाहीच. तू मला विचारलं होतंस, हे मी अजून घरातही कुणाला सांगितलेलं नाही, आणि उद्या सांगेन याची खात्री नाही.