नाल्यावरची निळी

नाकेदार साहेब,

तुम्हाला जाऊन इतके उन्हाळे झाले की मोजायला बसलो तर मी मध्येच चुकतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. हे पत्र कुठे टाकायचं ते मला माहीत नाही. पेटीत टाकलं तर पोस्टमन ते परत घरी आणून देईल आणि सुनेसमोर लाज जाईल. तरी लिहितो. माझं शिक्षण चौथीपर्यंत, हे तुम्हाला माहीत आहे. चुका झाल्या तर तुम्ही पूर्वी करायचे तशी त्यांच्याखाली रेघ मारून ठेवा.

आता पाखरं पाहणाऱ्यांचा फोनवर एक ग्रुप आहे. गोंदियाची माणसं आहेत, तिरोड्याची आहेत, नागझिऱ्याचे दोन गाईड आहेत. मोह टपकायला लागला की सकाळी सहापासून फोन थरथरायला लागतो. कोणी लिहितो, तलावावर अडई बदकं आली, चाळीस तरी असतील. कोणी लिहितो, तांबट सुरू झाला, ऐकून ऐकून डोकं उठलं. कोणी बांधावरच्या टिटवीच्या अंड्यांचा फोटो टाकतो आणि दुसरा त्याला झापतो की इतक्या जवळ कायले गेला. हे सगळं एक मॅडम सांभाळतात. फुलचूरला राहतात, शाळेत शिकवतात, मुलीच्या वयाच्या आहेत. दर उन्हाळ्याला त्या सगळ्यांच्या नोंदींची एक यादी करतात. कुठे, कोणतं पाखरू, कोणी पाहिलं. त्या ग्रुपमध्ये मला काकाजी म्हणतात आणि मी काही लिहिलं की सगळे शाबासकीचा अंगठा दाखवतात. मी एका बोटानं लिहितो. जोडाक्षर जमत नाही, आणि चुकून भलतंच बटण दाबलं जाईल म्हणून दोन-दोनदा पाहतो. पण तो मान मला आवडत होता, साहेब. घरात आता मला कोणी काही विचारत नाही. तिथे विचारतात.

तुमची रीत मी अजून विसरलो नाही. सरकारी लाल-निळी पेन्सिल, दोन्ही टोकं चाकूनं तासलेली. डोळ्यानं पाहिलं ते निळ्या टोकानं लिहायचं, कानानं ऐकलं ते लाल टोकानं. वर साहेब लोकांना वाघ आणि बिबट पाहिजे होते, पाखरांचं तुम्हाला कोणी विचारलं नव्हतं. ती वही तुम्ही स्वतःसाठी ठेवली होती. मी तुमच्या जंगल नाक्यावर वॉचर म्हणून, वणवा अडवायच्या फायर लाईनवर लागलो तेव्हा मला वाटलं होतं की हा माणूस जरा सरकलेला आहे. आगीकडे पाहायचं सोडून नाल्याकडे कान लावून बसतो.

ती निळी तुम्हीच मला दाखवली. पुस्तकात तिला माशीमार म्हणतात, आपण नाल्याची निळी म्हणायचो. चिमणीपेक्षा लहान, वरून निळी, छाती नारिंगी. उन्हाळा लागला की नाल्यावरच्या बांबूत बसून गाते. किती बारीक गाते! शेजारच्या खोलीत कोणी काचेच्या बांगड्या काढून ठेवाव्या तेवढाच आवाज. तुम्ही बोट वर करायचे आणि मी श्वास धरायचो.

आणि तो दिवस. मी अजूनही त्या क्वार्टरच्या चुलीसमोर उभा आहे. तुम्ही जर्मनच्या गंजात लाखोरीची डाळ ढवळताहात, धूर डोळ्यात जातो आहे. मी वही पुढे करतो. लाल टोकानं लिहिलं आहे, नाला, निळी.

"आयकली का तू?"

"हो जी."

"कोन्या बाजूनं?"

तुम्ही पळी बाजूला ठेवली.

"काल वाजली म्हनून आज वाजली, असं लिवलं ना तू? खरं सांग गा."

"रोजच वाजते जी."

"रोज वाजते त रोज जाऊन आयक. तुह्या मनातली निळी माह्या वहीत नको घालू. जाय, बस नाल्यावर. वाजली त येजो. नाही वाजली तरी दिवस बुडाच्या आंधी येजो. भात झाकून ठेवतो."

मी उपाशी जाऊन बसलो. पोटात आग आणि डोक्यात राग. एवढ्याशा पाखराच्या पायी माणसाला जेवणावरून उठवतात का? ती दुपार कलल्यावर वाजली, डाव्या बाजूनं, उंबराच्या अलीकडून. मी धावत आलो. तुम्ही ताट वाढलं आणि पेन्सिल ताटाशेजारी ठेवली.

पुढे काही वर्षांनी ती पेन्सिल तुम्ही मधोमध तोडून लाल अर्धी मला देऊन टाकली. निवृत्तीला एक उन्हाळा राहिला होता. नाल्याच्या दगडावर बसलो होतो. तुम्ही म्हणालात, "हे लाल टोक आता तुहं. माह्याकडं निळंच राहू दे." मला वाटलं, मला बढती मिळाली. घरी जाऊन बायकोला सांगितलं की नाकेदारानं माझी परीक्षा घेतली आणि मी पास झालो. तुमचे कान गेले होते, साहेब. तुम्ही ते तोंडानं न सांगता हातानं सांगितलं आणि मला ते कळलं नाही. ते कळायला माझे स्वतःचे कान जावे लागले.

माझे एकदम गेले नाहीत. आधी वटवाघळं गेली, मग रातकिडे गेले. मला वाटलं, औषधं मारल्यानं किडे कमी झाले. मग एका सकाळी ग्रुपमधल्या चारपाच जणांसोबत उभा होतो, तर सगळ्यांच्या माना एकाच वेळी वर झाल्या आणि मला काहीच ऐकू आलं नाही. मीही मान वर केली. तेव्हापासून मी पाखरांकडे कमी आणि माणसांच्या तोंडाकडे जास्त पाहतो. मान वळली की समजायचं, डोळे बारीक झाले की समजायचं. मग मीच आधी नाव सांगायचो, वेळ आणि जागा ओळखून. दहातले नऊ बरोबर यायचे. लोक म्हणायचे, काकाजीचे कान पाहा.

नाल्यावर मात्र मी एकटाच जायचो, तिथे पाहायला कोणाचं तोंड नव्हतं. तीन वर्षांपूर्वी नाल्यावरचा सगळा बांबू फुलला. फुलला की बांबू मरतो, तुम्हीच सांगितलं होतं. दुसऱ्या उन्हाळ्याला तो वाळून पिवळा पडला, मग आडवा झाला. नाल्यावर ऊन थेट पाण्याला लागायला लागलं, पाणी होळीपर्यंतसुद्धा टिकेना. मी तिथे बसायचो आणि काही ऐकू यायचं नाही. कान गेले म्हणून ऐकू येत नाही, असं मी स्वतःला सांगायचो. सावली गेली आहे हे दिसत होतं. पण निळी असणारच, दरवर्षी असते, मलाच ऐकू येत नाही एवढंच. मग घरी येऊन फोनवर लिहायचो, नाल्यावर निळी ऐकली. अंगठे यायचे. तीन उन्हाळे असं चाललं. एखाद्याला नाल्यावर नेऊन ऐकायला लावावं, असं रोज वाटायचं. पण कोणाला आणलं आणि त्यालाही ऐकू आलं नाही, तर? बहिरेपणा मला सोसत होता. निळीच गेली, हे सोसलं नसतं.

या वर्षी मॅडमनी यादी लावली तर त्या भागात निळी फक्त माझ्या नावावर निघाली. त्या म्हणाल्या, "काकाजी, मी येते. मला ऐकायचीच आहे." मी गुडघ्याचं सांगितलं, अस्वलाचं सांगितलं, सुनेच्या माहेरचं कारण सांगितलं. तरी एका रविवारी उजाडायच्या आत त्यांची स्कूटी दारात उभी.

तुमच्याच दगडावर बसलो. त्यांनी डोळे मिटून घेतले. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिलो. कपाळ, भुवया, मान. काही हललं नाही. ऊन वर आलं. आणि मी बोट वर केलं, साहेब. तुमच्यासारखं.

"वाजली."

"कुठं?" त्यांनी डोळे उघडले.

"त्या उंबराच्या अलीकडं."

"मला तर काहीच नाही आलं."

"बारीक असते जी."

"हवा नाही, गाडी नाही." त्या हसल्या. "मेरे कान को क्या हो गया, काकाजी? पोरं ओरडून ओरडून गेले वाटतं माझे कान."

मीही हसलो. मला हसू आलं याची मला अजून शरम वाटते. त्यांनी फोन काढला. "तुमच्या नावानं लिहिते. मी ऐकली नाही, मग माझं नाव नाही टाकत."

आठ दिवसांनी त्यांचा निरोप आला. गुरुवारी कानाच्या डॉक्टरला दाखवायला जाते, आता वर्गात एखादी मुलगी हळू बोलली तरी मला भीती वाटते. ग्रुपमध्येही त्यांनी लिहिलं की यादीतली माझी कानानं घेतलेली सगळी पाखरं काढून टाकते, मला आता खात्री नाही. एकानं चेष्टा केली, मॅडमले मशीन लावा, नाहीतर काकाजीचा कान उसना घ्या. मी जेवत होतो. ताट तसंच ठेवून उठलो.

त्या दुपारी मी तुमची वही काढली. तुमच्या घरच्यांनी दिली तेव्हापासून पेटीत फडक्यात होती. तुमच्या नोकरीतल्या शेवटच्या उन्हाळ्याची पानं उघडली. लाल अक्षर सगळं माझं, वाकडंतिकडं. आणि प्रत्येक लाल ओळीपुढे तुमच्या पेनानं, अगदी लहान अक्षरात, चार शब्द. वॉचरने ऐकले, मी नाही. सगळीकडे. एकही ओळ सोडली नाही. ती वही कोणी पाहणार नव्हतं, साहेब. तरी तुम्ही लिहिलं.

बुधवारी मी सुनेला फोन लावून द्यायला सांगितलं. तिनं तो मोठ्या आवाजावर ठेवला, नाहीतर मला ऐकू येत नाही.

"मॅडम, डॉक्टरकडं नका जाऊ."

"काऊन हो काकाजी?"

"तुमचे कान चांगले आहेत. माझे गेले."

मग त्या म्हणाल्या, "त्या रविवारी?"

"नव्हती ऐकली. तीन वर्षांपासून नाही ऐकली."

"मग निळी, काकाजी?"

"तुम्हाला ऐकू नाही आली ना? मग नाही ती."

पुढे मला काही कळलं नाही. मी सुनेकडे पाहिलं. ती म्हणाली, "बाबा, त्या काही बोलून नाही राहिल्या. फोन चालू आहे." आम्ही दोघं तसेच त्या फोनकडे पाहत बसलो. बऱ्याच वेळानं फोन बंद झाला.

यादी बदलली. माझं नाव कुठेही न घेता त्यांनी लिहिलं, नाला, तीन उन्हाळे, निळीची खात्रीची नोंद नाही. ते वाचून मी अंगणात जाऊन उभा राहिलो. तुम्ही गेले तेव्हा मी रडलो नव्हतो, लाकडं आणायची होती, माणसांना चहा द्यायचा होता. त्या दिवशी रडलो. मग पुढच्या रविवारी त्या पुन्हा आल्या. त्यांनी स्कूटी लावली आणि माझी काठी उचलून हातात दिली. आम्ही त्याच दगडावर बसलो. त्या ऐकतात आणि सांगतात, मी लिहितो. तांबट. कोतवाल. लांब कुठेतरी पावशा. लाल टोक आता नखाएवढं उरलं आहे. प्रत्येक ओळीपुढे मी लिहितो, मॅडमने ऐकले. निळीची ओळ रिकामी.

एवढं सांगायला पत्र लिहिलं असं मला वाटत होतं. पण अजून एक राहिलं आहे.

तुम्ही कामठ्याला घरी खाटेवर होते. मी एसटीनं भेटायला आलो होतो. चैत्र होता. तुमचं अंग काडी झालं होतं आणि माझ्या तोंडाजवळ कान आणून तुम्ही एकच विचारलं, "निळी वाजली का गा?" मी ओरडून म्हणालो, "वाजली जी, कालच वाजली." तुम्ही उशाखालून वही काढली आणि लिहिलं. तीच शेवटची ओळ आहे. तिच्यापुढेही तुम्ही लिहिलंय, वॉचरने ऐकले. लिहून झाल्यावर तुम्ही माझा हात धरला होता. बराच वेळ.

आदल्या दिवशी मी नाल्यावर गेलोच नव्हतो, साहेब. साळ्याचं लग्न होतं.