अर्धं काढ, अर्धं भर

९ जानेवारी, गुरुवार

इथे जानेवारी म्हणजे ऐन उन्हाळा; दुपारी बेचाळीस अंश. डॅडच्या गाडीच्या रेडिएटरचं झाकण उघडलं — आत चहा! म्हणजे चहाच्या रंगाचं पाणी. बोटाला लावून उन्हात धरलं. वाळल्यावर पांढरी पूड राहिली. क्षार. बोअरचं पाणी.

डॅडला विचारलं, कूलंट कधी घातलं होतंस? "हिरवं घातलं होतं की." कधी? "तू शाळेत होतीस." मग? "मग काय, कमी झालं की पाणी. इथे बर्फ पडतो का?"

गोठू नये एवढ्यासाठीच ते नसतं, हे मी त्याला दोनदा सांगितलं. गंज, क्षार, उकळण्याचं तापमान. त्याने ऐकून घेतलं. हवामानाच्या बातम्या ऐकतो तसं.

पण किल्ली दिली. गाडी चौऱ्याऐंशीची. आजवर कुणाला बॉनेट उघडू दिलेलं नाही. चार वर्षं मी खाणीत यापेक्षा वीसपट मोठी इंजिनं उघडली, डिसेंबरात ते काम संपलं तेव्हा घरी आले, तरी या गाडीला हात लावायची वेळ आज आली.

कारण मंगळवारची टपालाची फेरी. चारशे साठ किलोमीटर, अकरा फार्म. टपाल, पाव, औषधं. नोव्हेंबरात गाडी तापली आणि एक फेरी बुडाली. कंत्राटाच्या ऑफिसातल्या ग्रँटचं पत्र आलं: पुन्हा एकदा बुडाली तर फेरी दुसऱ्याला. डॅड अडुसष्ट वर्षांचा. एकोणतीस वर्षं हीच फेरी. पत्र फ्रिजवर लावलंय. त्याच्यावर कुणी बोलत नाही.

१० जानेवारी, शुक्रवार

कूलंट आणायला पोर्ट ऑगस्टाला गेले. दुकानदार म्हणाला, "लाल घे ताई, पाच वर्षं बघायला नको." गाडी कुठल्या सालची ते न विचारता! मी म्हटलं, तांब्या-पितळेचा रेडिएटर आहे, शिशाचे टाके आहेत, लाल नको. "मग हे हिरवं." त्या हिरव्याचा डबा वाचला — लालचाच भाऊ, फक्त रंग वेगळा. रंगावर जाऊन कूलंट घेणं म्हणजे बाटलीच्या रंगावरून औषध घेणं. मागच्या फळीवर जुन्या पद्धतीचं मिळालं. आठ लिटर. शिवाय बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी, आठ लिटर.

"बाबाची गाडी का?" हो. "मग त्याला म्हणावं, नवी घे." मी सुटे पैसे उचलले आणि निघाले.

११ जानेवारी, शनिवार

सकाळी सहाला सुरुवात, इंजिन पूर्ण गार असताना. खालचा नळ सोडला, ब्लॉकचा बोल्टही काढला. सोळातले पंधरा लिटर चारशे मिलिलिटर बाहेर आले. कुत्र्याला आधी बांधलं — कूलंट गोड असतं, चाटलं की संपलं. फडक्यातून गाळून बादल्यांत घेतलं.

डॅड कॉफीचा मग घेऊन उभा. "अर्धं काढ, अर्धं भर. मी तसंच करतो."

का?

"असंच."

असंच हे काही कारण नाही. हे मी म्हटलं नाही. मी "बरं" म्हटलं. तो बैलांच्या कुंपणाकडे गेला आणि मी सगळं काढलं. फडक्यात गाळ बराच — तपकिरी, मध्ये बारीक काळे कण. गंज.

धुवायचं औषध घालून वीस मिनिटं इंजिन चालवलं. मग टाकीतल्या पावसाच्या पाण्याने चार वेळा धुतलं, शेवटचं पाणी नितळ येईपर्यंत. थर्मोस्टॅट नवा. मग आठ आणि आठ. हवा काढली. दाब देऊन पाहिला: पंधरा मिनिटं काटा हलला नाही.

झाकणाखाली पाहिलं. स्वच्छ हिरवं. मला बरं वाटलं, हे इथे लिहायला हरकत नाही.

१२ जानेवारी, रविवार

डॅडने विचारलं, "अर्धंच काढलंस ना?"

हो म्हणाले.

१३ जानेवारी, सोमवार

गावात जाऊन आलो, चाळीस किलोमीटर. तापमानाचा काटा मध्यावर, दगडासारखा. डॅड गाडी चालवताना शिट्टी वाजवत होता.

१४ जानेवारी, मंगळवार

५.४०. डॅड निघाला. "उन्हात फिरू नकोस." हे तो मला म्हणाला!

११.३०. नोरीन वायरलेस रेडिओवर. नोरीनचं फार्म फेरीतलं सहावं. "तुझा म्हातारा आत्ताच गेला. केक खाल्ला नाही, म्हणजे घाईत आहे. काटा जरा वर आहे म्हणत होता."

किती वर?

"जरा म्हणजे जरा गं. मी काय पट्टी लावली?"

११.५५. शनिवारचं फडकं शेडमध्ये तारेवर वाळत होतं. झटकलं. शिंक आली. पुन्हा झटकलं, पुन्हा शिंक. ते काळे कण बोटांत चुरडले.

मिरी!

गंज नाही. मिरपूड. रेडिएटरला बारीक भोकं पडली की जुने लोक मिरपूड टाकतात, ती भोकांत जाऊन फुगते. हे मी ऐकलं होतं. खाणीत आम्ही यावर हसायचो. वरून बोअरच्या पाण्याचा क्षार चढला असणार, त्याने ती पक्की झाली असणार. ती घाण म्हणजेच त्याच्या गाडीचं डांबर होतं. मी ते धुतलं. चार वेळा.

दाब तपासला होता. पण गार असताना. गरम करून नाही. आणि कच्च्या रस्त्याच्या हादऱ्यांत तर नाहीच.

१२.०५. डॅडला रेडिओ. उत्तर नाही. मधल्या टेकड्यांमुळे तिथे लागतही नाही.

१.२०. पुढचं फार्म नोरीनकडून ब्याण्णव किलोमीटर. एव्हाना पोचायला हवा. त्यांना रेडिओ केला. नाही आला.

१.२५. पंचेचाळीस अंश. माझी गाडी लहान, साध्या खड्ड्यातही पोट घासतं. नोरीनच्या पुढचा नदीपात्रातला रस्ता ती पार करणार नाही. नोरीनला त्याला शोधायला जायला सांगितलं. मिरीचंही सांगितलं. कारण तिने पाणी जास्त न्यायला हवं होतं, आणि का ते कळायला हवं होतं. ती एवढंच म्हणाली, "अरे देवा, विल्फ अजून मिरी घालतो?" आणि निघाली.

२.१०. त्याच्याकडे वीस लिटर पिण्याचं पाणी. ते तो रेडिएटरमध्ये ओतेल का? फेरी पुरी करायची म्हणून? हाच एक प्रश्न. ओतलं तर तीस किलोमीटर पुढे जाईल आणि मग दोन्ही नाही — ना गाडी, ना पाणी.

तो ओतेल असं मला वाटतं.

३.००. काही नाही.

३.३५. काही नाही. फ्रिजवरचं पत्र काढून खणात टाकलं. पुन्हा लावलं.

४.४०. नोरीन! "सापडला. मी टेकडीवर चढून बोलतेय, तो खाली ताडपत्रीच्या सावलीत बसलाय, टपालाच्या पिशव्या मांडीजवळ, अंड्यावर कोंबडी बसावी तसा. पाणी प्यायलाय, गाडीला थेंब दिलेला नाही. इंजिन मात्र गेलं."

उभीच होते. मग बसले.

१५ जानेवारी, बुधवार

नोरीनने त्याला आणून सोडलं. पाच फार्मना टपाल एक दिवस उशिरा. एकीचं इन्सुलिन उशिरा. तिच्याकडे शिल्लक होतं, नशीब. फेरी बुडाली, यात शंका नाही.

तो अंघोळ करून आला. मी म्हटलं, सगळं काढलं होतं. मिरीसकट. रविवारी खोटं बोलले.

"मिरीचं कसं कळलं?"

शिंकेवरून.

तो बटाटे सोलत राहिला. "सांगायला हवं होतं मी. पण तू शिकलेली. हसली असतीस."

हसले नसते, असं मी म्हणाले.

हसले असते.

१६ जानेवारी, गुरुवार

ग्रँटचा फोन. डॅडने घेतला. मी खोलीबाहेरच्या बोळात, हातात कपडे.

"हो. मीच धुतलं रे. सगळं काढून टाकलं. काय सुचलं देव जाणे... नाही, पोरीचा काही संबंध नाही, तिने तर गाडी बघितलीसुद्धा नाही. म्हातारपण म्हण... हं. हं. बरोबर आहे तुझं. नाही, राग कसला."

फोन ठेवल्यावर बराच वेळ तिथेच उभा होता. मी आत जायला हवं होतं. कपड्यांच्या घड्या घातल्या.

फेरी गेली. येत्या मंगळवारपासून.

१७ जानेवारी, शुक्रवार

कूलंट बरोबर निवडलं होतं. अजूनही तसंच म्हणेन.

१८ जानेवारी, शनिवार

पहाटे पाचला डॅड उठून बसलेला. कुठे जायचं नाही, तरी डबा भरलेला. मला बघून म्हणाला, "सवय." मग तो डबा आम्ही दोघांनी मागच्या पायरीवर बसून खाल्ला. थंड मटण, लोणचं. त्याने फोनचा विषय काढला नाही. मी बोळात होते हे त्याला माहीत आहे, असं मला वाटतं.

२० जानेवारी, सोमवार

नऊ वाजता ग्रँटला फोन केला, डॅड बाहेर असताना. काय काढलं, काय भरलं, किती लिटर, सगळं क्रमाने सांगितलं. चूक माझी, फेरी त्यांना परत द्या.

तो म्हणाला, "म्हणजे विल्फ आमच्याशी खोटं बोलला." कागदाचा आवाज. मग, "उद्यासाठी माणूस मिळालेला नाही. गाडी आम्ही देतो. रस्ता माहीत आहे तुम्हाला?"

माहीत आहे. लहानपणी डॅडच्या शेजारी बसून पाठ झालाय.

हो म्हणाले. डॅडला अजून सांगितलेलं नाही.