दुर्बिणीच्या उंच कड्या

मोशी,
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५
सकाळी सात वाजून वीस मिनिटे

आदरणीय हिंदुरावमामा यांस,

बुद्धरत्नचा नमस्कार. आत्ता खिडकीपाशी बसून, अपघातानंतर मी उतरवून आणलेल्या तुमच्या रायफलीच्या दुर्बिणीच्या दोन्ही कड्या जुन्या टूथब्रशने साफ केल्या. त्या साफच होत्या. मग वही उघडली.

इकडे सर्व ठीक आहे. आईचा गुडघा दुखतो, पण ती जिना उतरून भाजी आणते. चाकणला आपल्या शॉपमध्ये दोन नवीन मशीन आल्यात. तुमच्या जागेवर आता एक आयटीआयचा मुलगा आहे. तो मापाचा व्हर्नियर टेबलावर आपटून ठेवतो. तुम्ही असता तर त्याला चहा मिळाला नसता.

भुवईचे टाके निघाले असतील. मामींना हळद लावू दिली नसेल तर बरं.

मला तीन आठवड्यांपासून तुम्हाला लिहायचं होतं. काल विजयश्रीताईचा फोन आला. ती म्हणाली, "रत्ना, बाबा मंगळवारी रायफल पोलीस स्टेशनला जमा करणार आहेत. अर्जात लिहिलंय, वयामुळे हात आणि नजर साथ देत नाही. सही पण केली." मी "बरं" म्हणालो. फोन ठेवल्यावर डबा उघडला, पण जेवलो नाही.

मामा, हात आणि नजर हे बरोबर नाही. ते कसं, ते नीट क्रमाने लिहितो. मला बोलताना क्रम राहत नाही.

तुमच्या वडिलांची ती रायफल साधी बोल्टची, दर गोळीला मूठ उचलून मागे ओढायची. त्या काळी तिच्यावर दुर्बीण बसवायचं कुणाच्या डोक्यात नव्हतं. बोल्ट उघडताना मूठ सरळ वर येते. दुर्बीण खाली बसवली की मूठ तिला आपटते. पुण्याच्या अण्णासाहेबांनी, ज्यांच्याकडे बंदुकांच्या कामाचा परवाना आहे, आपल्याला तीन रस्ते सांगितले होते. एक, मूठ कापून वाकवून पुन्हा जोडायची. दुसरा, दुर्बीण पुढे नळीवर, नेम धरायच्या जुन्या मागच्या माशीच्या जागी बसवायची. पण त्याला लांबून बघायची वेगळी दुर्बीण लागते, ती महाग. तिसरा, दुर्बीण धरणाऱ्या कड्याच उंच करून दुर्बीण मुठीच्या वर उचलायची.

तुम्ही म्हणालात, "मूठ कापायची न्हाई. आबांच्या हातानं ती गुळगुळीत झालीया." मग माझ्याकडे बघून म्हणालात, "तू ठरव. तुला मापातलं माझ्यापेक्षा जास्त कळतंय आता."

अकरावी सोडलेल्या माणसाला असं कुणी म्हणत नाही. मला ते फार लागलं. चांगल्या अर्थाने लागलं.

मी उंच कड्या ठरवल्या. शनिवारी पाळी संपल्यावर सुपरवायझरला विचारून मशीनवर केल्या. बोल्ट उघडा ठेवून मूठ आणि दुर्बीण यांच्यात तीन मिलिमीटर मोकळं राहील अशा. दोन कड्यांच्या उंचीत दोन शतांशाचाही फरक नव्हता. अण्णासाहेबांनी त्या हातात फिरवून बघितल्या. म्हणाले, "काम सुरेख आहे. पण एवढ्या उंचीवर मामांचा गाल दस्त्याला कुठं टेकणार? गाल टेकला नाही की डोकं हवेत. मग डोळा कधी पुढे, कधी मागे."

मी म्हणालो, "दस्त्यावर चामड्याची गादी करतो."

ती गादी मी केली होती, मामा. अर्धी. चामड्याचा रंग लाकडाशी जुळेना म्हणून ड्रॉवरमध्ये ठेवली. अजून तिथेच आहे.

मग पाच ऑक्टोबरला आपण रेंजवर गेलो. तुम्ही वाळूच्या पिशवीवर टेकवून तीन गोळ्या मारल्या. पन्नास मीटरवर तिन्ही भोकं तळहाताखाली झाकली गेली. तुम्ही माझ्या पाठीवर थाप मारलीत आणि रेंजवरच्या लोकांना सांगितलंत, "ह्यो माझा चेला. आता मीच ह्याचा चेला."

त्याच्या आधी तुम्ही आणखी एक वाक्य बोलला होतात. पहिल्या गोळीनंतर. तुम्हाला आठवत असेल किंवा नसेल. मला रोज आठवतं. तुम्ही मान मागे घेऊन म्हणालात, "जवळ वाटतंय रे. पापणी लागती काचेला."

आणि मी म्हणालो, "सवय होईल मामा."

शॉपमध्ये तुम्ही पहिल्या दिवशी शिकवलं होतं की स्वतःचा पीस स्वतः पास करायचा नाही. पहिला पीस दुसऱ्याच्या हातात द्यायचा, त्याने सही केल्याशिवाय लॉट चालू करायचा नाही. बनवणाऱ्याला स्वतःची चूक दिसत नाही, तो कितीही कसबी असला तरी, असं म्हणायचात. त्या दिवशी पीस तुमच्या हातात होता, तुम्ही तपासून चूक सांगितलीत, आणि मी तुमचं न ऐकता तो पास केला. कारण लोक बघत होते. कड्या उतरवायच्या म्हणजे सगळं पहिल्यापासून, आणि तुम्ही आता माझी ओळख करून देणार होतात, हे मला तुमच्या चेहऱ्यावरून कळत होतं.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. भाऊबीजेनंतर तिसऱ्या दिवशी तुम्ही वनखात्याचं परवानगीपत्र खिशात घालून मक्याच्या कडेला बसलात. डुक्कर वरच्या बांधाला होतं. नळी वर करताना मान आपोआप पुढे जाते. गोळी सुटली, धक्क्याने रायफल मागे आली आणि दुर्बिणीची कड भुवईत शिरली. पाच टाके. डॉक्टर म्हणाले, बोटभर खाली असतं तर डोळा गेला असता.

मी दवाखान्यात पोचलो तेव्हा ताईने विचारलं, "असं कसं झालं रे? तू तर एवढं मापून केलं होतंस."

मी म्हणालो, "मामांनी खांद्याला सैल धरली असेल."

तुम्ही पडद्यामागे होतात. मला वाटलं, झोपलात. तुमचा आवाज आला, "व्हय. सैलच धरली आसंल. वय झालं."

मामा, तुम्ही सैल धरली नव्हती.

हे मी अंदाजाने लिहीत नाही. रेंजवर मी तुमचा मोबाइलवर फोटो काढला होता, बाजूने, दुसऱ्या गोळीच्या वेळी. काल संध्याकाळी तो मोठा करून मोजला. दुर्बिणीच्या नळीची जाडी मला माहीत आहे, पंचवीस पूर्णांक चार मिलिमीटर. तेवढं प्रमाण धरून काचेपासून तुमच्या डोळ्यापर्यंत पाच सेंटिमीटर भरतात. दुर्बिणीच्या कागदावर डोळ्याचं अंतर नऊ लिहिलंय. चार सेंटिमीटर कमी, तेही बसून, वाळूच्या पिशवीवर. दस्ता खांद्यात घट्ट रुतलाय, फोटोत शर्टाच्या चुण्याही दिसतात. फोटो सोबत छापून ठेवलाय, त्यावर रेघा मारल्यात. दीड महिना तो माझ्या खिशात होता. मी लोखंड सगळं मोजलं, तुमची मान मोजली नाही.

अण्णासाहेबांनाही काल रात्रीच फोन केला. ते रागावले नाहीत, त्यामुळे जास्त वाईट वाटलं. म्हणाले, "मूठ न कापता दुर्बिणीची नळीवरची पुढची बैठक बसते. जुन्या माशीच्या खाचेतच बसते, एकही भोक पाडायला नको. त्यांना अर्ज मागे घ्यायला सांग, बाकी मी बघतो."

तुम्ही दुर्बिणीशिवायही चालवाल. आबांनी तशीच चालवली. किंवा जमाच कराल, ते तुमचं. पण कागदावर खोटं कारण लिहून करू नका. ते कारण मी दिलेलं आहे.

हे पत्र टपालात टाकत नाही, मंगळवारच्या आत पोचणार नाही. मी स्वतः घेऊन येतोय. मोशीहून चाकण, तिथून वडापची जीप. मामींच्या हातात देईन आणि अंगणात थांबेन. तुम्ही वाचून होईपर्यंत आत येणार नाही. बोलवलं नाहीत तर साडेचारच्या गाडीने परत जाईन. ताईला मी आज फोनवर खरं सांगितलंय.

हिशेब असा. तुम्ही सात हजार दिले होते. अण्णासाहेबांना बसवणुकीचे अडीच हजार दिले, त्यांची पावती सोबत आहे. कड्यांचं ॲल्युमिनियम, स्क्रू आणि माझी मेहनत धरायची नाही, खराब मालाचे पैसे लागत नाहीत. राहिले साडेचार हजार. पाकिटात तीन हजार आहेत. दीड हजार देणं बाकी, सात तारखेच्या पगारात.

कड्या फडक्यात बांधून दिल्यात. त्यांच्याबरोबर शॉपचा तपासणीचा कागद आहे. माप लिहिलंय, शेऱ्यात 'रिजेक्ट' लिहिलंय. बनवणाऱ्याच्या जागी माझी सही केली आहे. तपासणाऱ्याची जागा मोकळी सोडली आहे, ती मला भरता येत नाही. पेन कागदालाच अडकवलं आहे.

तुमचा,
बुद्धरत्न
(अंगणात आहे)