यर्मूकला भाऊ समोर आला तेव्हा

हुजरदादा,

दमास्कसला जर्दाळू पिकलेत. तू झाडावरून फेकायचास आणि मी ओच्यात झेलायचो, ते आठवलं.

आपलं अरब घराणं रोमच्या सरहद्दीचं राखणदार. मी मात्र मदिनेच्या मुसलमानांना मिळालो. लढाईआधी विहिरीवर भेटलो, तेव्हा तू विचारलंस, "रोमनं तुमचं काय वाकडं केलंय रे?"

मी म्हणालो, "रोम आणि इराण त्यांच्या भांडणात अरबांनाच अरबांवर घालतात. आणखी किती वर्षं?"

"आणि आता तू कोणावर धावून येणार, वेड्या?" तू हसलास.

यर्मूकच्या लढाईत, धुळीत मी समोर दिसताच तू भाला खाली केलास आणि घोडा वळवलास. इथं सगळे म्हणतात, हुजर पळाला. मीही मान डोलावतो, दादा. तू आता रोमच्या डोंगरापलीकडे गेलास, तिथं पत्र पोचत नाही, म्हणूनच हे लिहायचं धाडस झालं.

तुझा धाकटा,
औस