दुसरं काही औषध चालू आहे का?

सोमवार, ३

आले बाई एकदाची! दोन बॅगा, एक उशी आणि गळ्यातला हा आवाज, एवढ्या भांडवलावर नोकरी लागली. अंध मुलांसाठी बोलती पुस्तकं तयार करणाऱ्या संस्थेत मी आता वाचक. आई म्हणायची, या पोरीच्या तोंडाला कुलूप लावा कुणीतरी. आता त्याच तोंडाचा पगार मिळणार. ताईला फोनवर हे सांगितलं तर म्हणाली, बरं झालं, तिथल्या भिंतींना बडबड ऐकव, आमच्या कानांना जरा सुट्टी.

खोली संस्थेच्या मागच्याच गल्लीत, जिना चढून वर. एक पलंग, एक टेबल, आरशाचं कपाट. खिडकी उघडली की समोर छत्र्या दुरुस्त करणाऱ्याचं दुकान. घरमालकीण काकू खाली एकट्याच राहतात. गोलमटोल, हातात कायम फडकं. बॅग टेकवते न टेकवते तोच चहा घेऊन हजर. चहाबरोबर आधीच्या भाडेकरणीची कथाही आली. मुलगी दिसायला चांगली, पण डोक्याच्या गोळ्या खायची. कपाट पुसताना सापडल्या, तशी काकूंनी त्याच आठवड्यात खोली रिकामी करून घेतली. अशा माणसांचा काय भरवसा, म्हणाल्या, आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. तू कशी, बघितल्याबरोबर कळतं, सरळ पोर आहे.

सरळ पोरीच्या गोळ्या तेव्हा मांडीवरच्या पर्समध्ये होत्या. आई गेल्यावर वर्षभर मी अंथरूण धरलं होतं. केस विंचरायचे असतात हेही विसरले होते. त्या गोळ्यांनी मला उठवलं, अंघोळीला नेलं, या नोकरीचा अर्ज भरायला बसवलं. मी त्यांना नावं ठेवणार नाही. पण काकूंपुढे मिरवणारही नाही. रोज सकाळी दार लावून एक गिळायची, संपला विषय.

गुरुवार, ६

रेकॉर्डिंगची खोली म्हणजे मोठं कपाटच. भिंतींना जुना फोम, जमिनीवर सतरंजी, पंखा नाही कारण पंखा ऐकू येतो. बांगड्या काढून आत जायचं. पोटात गुरगुरलं तरी वाक्य परत. काचेपलीकडे रेकॉर्डिंग करणारे गृहस्थ बसतात. मनातल्या मनात मी त्यांचं नाव ‘कान’ ठेवलंय. माझी जीभ टाळूला चिकटली तरी त्यांना कळतं. त्यांनी काचेवर टकटक केली की समजायचं, पुन्हा वाचा.

इतिहासाचं पुस्तक आहे. मुलांची परीक्षा तोंडावर आलीय, म्हणून रोज एक धडा उरकायचा. आज कान म्हणाले की इतका स्वच्छ श्वास असलेली बाई त्यांना बऱ्याच वर्षांनी भेटली. माझ्या श्वासाचं कौतुक आजवर कुणी केलं नव्हतं. घरी येताना मी रस्ताभर श्वासच घेत होते.

सोमवार, १०

नाट लागली. खोकला. कोरडा, ठसक्याचा, वाक्याच्या ऐन मध्यावर येणारा. त्या फोममध्ये जन्माची धूळ असणार. एक पान वाचायला अख्खी सकाळ गेली. कान चिडले असते तर परवडलं असतं, ते नुसते चष्मा पुसत बसले. शेवटी म्हणाले, खोकला दोन दिवसांत बसला नाही तर दुसरी वाचक बघावी लागेल. मुलं थांबतील हो, परीक्षा नाही थांबत.

तशीच औषधाच्या दुकानात गेले. दुकानदाराने बाटली काढली पण लगेच हातात दिली नाही. झाकणावर खूण आहे तेवढंच, दिवसातून तीनदा, वर एक थेंब नाही, असं बजावलं. आणि मग सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, दुसरं काही औषध चालू आहे का? झोपेचं, मनाच्या आजाराचं?

मी तोंड उघडलं. तेवढ्यात मागून काकूंचा आवाज. गुडघ्याचं मलम घ्यायला त्या नेमक्या तेव्हाच आल्या होत्या. अहो, तिला कसलं औषध, धडधाकट पोर ती! दुकानदार त्यांच्याकडे बघेना, माझ्याकडेच बघत राहिला.

नाही, म्हणाले मी. नुसता खोकला आहे.

दुसरं काय म्हणणार होते? खोली नवी, नोकरी नवी.

बुधवार, १२

औषधाने कमाल केली! खोकला गप्पगार. काल-आज मिळून तीन धडे झाले आणि कानांनी स्वतःच्या डब्यातलं सफरचंद कापून दिलं. झाकणाची भानगड मी सोडून दिलीय. धडा सुरू करण्याआधी बाटलीतूनच एक घोट, मध्ये घसा गुदगुदला तर आणखी एक. शेंबड्या पोरांना पाजतात ते औषध, माझ्यासारख्या घोडीला काय धाड भरणार आहे?

फक्त हात जरा थरथरतात. पान उलटताना कागद वाजतो. पोटही बिघडलंय. नवं गाव, नवं पाणी, चालायचंच.

शुक्रवार, १४

घाम. सकाळपासून दोनदा कपडे बदलले.

आज विचित्र झालं. मी वाचत असताना मागे काहीतरी आपटतंय म्हणून कान हैराण. त्यांनी दार तपासलं, खुर्ची बदलली, वरच्या मजल्यावर जाऊन आले. शेवटी मलाच हेडफोन दिले. माझा आवाज, आणि त्याच्यामागे ठक ठक ठक ठक, एका लयीत. मी खाली पाहिलं. माझी टाच होती.

मी ती हलवत नव्हते. बघत होते तरी ती उडतच होती. गुडघा दोन्ही हातांनी दाबून धरला तरी थांबेना, जणू पाय शेजारच्या कुणाचा होता. कान म्हणाले, दमलात, पायाखाली उशी घेऊ. मी हसले. मग ते हसूही लवकर थांबेना.

शनिवार, १५

दिसेल ते वाचायची सवय. आज बाटलीचा कागद हातात आला, मुंगीएवढ्या अक्षरांचा. मोठ्याने वाचला. मनाच्या आजारावरील गोळ्या चालू असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. दोन्ही एकत्र झाल्यास घाम, थरकाप, जुलाब, ताप, स्नायू ताठणे, भास होणे, जिवाला धोका.

माझाच आठवडा कुणीतरी आधी छापून ठेवला होता.

ताईला फोन लावला, आपल्या डॉक्टरांना विचार म्हणणार होते. तिने उचलला आणि दारात काकू, हातात भाताचं ताट. मी ताईला म्हणाले, सहज केला होता गं, मजेत आहे.

मग डोकं चालवलं. दोन्ही एकत्र नको ना, एक सोडू. खोकल्याचं सोडलं तर नोकरी जाते. म्हणजे गोळ्या सोडायच्या. पुस्तक संपलं की परत सुरू. सापही मरेल आणि काठीही मोडणार नाही. खूप हलकं वाटलं. बाटली चालू ठेवली.

सोमवार, १७

काल गोळी नाही, आज नाही. तरी वाढतंय.

आरशात डोळे बघितले. आईसारखे तपकिरी होते माझे डोळे. आज रंगच नाही. बाहुल्या पसरून सगळं काळं. दिवा लावला, उजेडात गेले, तरी लहान होईनात. दोन भोकं, आणि त्यातून कोण बघतंय?

स्टुडिओत ओळी पानावरून खाली गळत होत्या. काचेपलीकडे कानांच्या मागे आई उभी. टकटक करत होती. चुकलं म्हणून मी वाक्य परत वाचलं. परत टकटक. परत वाचलं — आईला कधी पटतच नाही —

कान आत धावत आले. म्हणाले, मी एकदाही टकटक केली नाही, तुम्ही कधीपासून तेच एक वाक्य वाचताय. नोकरीचं नंतर बघू, आधी डॉक्टरकडे चला. खरंच म्हणाले तसं. भला माणूस. आणि मी म्हणाले, नाही हो. नुसता खोकला.

मंगळवार, सकाळ

अंग भाजतंय. पाय लाकडासारखे — आणि मध्येच उडतात. हृदय गळ्यात —

आठवलं. गोळ्या सुरू करताना डॉक्टर बोलले होते — चढायला आठवडे लागतात, उतरायलाही. म्हणजे सोडल्या तरी अंगातच आहेत. आणि वरून मी बाटली — घोट घोट —

आता सांगणार. काकूंना सगळं सांगणार. खोली जाऊ दे. नोकरी जाऊ दे. मला जगायचंय.

मंगळवार, दुपार

काकू आल्या. कपाळावर ओलं फडकं. किती माया. सांगायला गेले — दात दातांवर बसलेत. आवाजच — मेला हा आवाज, आजच —

नुसता खोकला आला.

बोलू नकोस, म्हणाल्या, घसा आणखी खवळेल. डॉक्टरला संध्याकाळी बोलावू. आधी थोडी शांत झोप. मी आहे ना.

भिंती श्वास घेतायत. स्वच्छ श्वास.

वही पोटावर. लिहून दाखवते. पेन्सिल उडतेय — दाखवलं. काकूंनी वही लांब धरली, जवळ धरली. चष्मा खाली राहिला, म्हणाल्या. नंतर वाचते हं, राणी. वही परत माझ्या हातात —

बाटली उचलली त्यांनी. हलवली. नवीन आहे. भरलेली. माझ्यासाठी आणलीय —

चमचा भरतायत. सांडू नये म्हणून खाली तळहात —

मान फिरवते. फिरत नाही.

मोठं लिहिते. मोठं —

काकू नको
मी गोळ